पैलवान, आधी पाठ टेकवायला शिका

हिरोचं वजन 64 किलो, माझं तेव्हा 103. सीन असा, की मी सावकाराचा पैलवान. हिरोच्या बहिणीची वाट अडवतो, हिरो धावत येतो आणि धोबीपछाड मारून मला वाड्याच्या अंगणात आपटतो. साल 2009. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरून आत गेलं की एका जुन्या वाड्यात शूटिंग चाललं होतं. 'ॲक्शन' झालं, हिरोने माझा उजवा हात खांद्यावरून ओढला, कंबर आत घातली आणि मी काहीच केलं नाही. म्हणजे डोक्याने केलं नाही, अंगाने केलं. अठरा वर्षांची सवय. हात ओढला गेला की बूड आपोआप खाली जातं, पाय फाकतात, दम पोटात राहतो. बिचारा हिरो माझ्या हाताला ओल्या लुंगीसारखा लोंबकळत राहिला.

पाच टेक झाले. पाचव्यानंतर फाईट मास्टर चहाचा कप घेऊन शेजारी आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पैलवान, तुम्हाला हरायचे पैसे मिळणार आहेत."

गेल्या महिन्यात तालमीतल्या एका पोराने विचारलं, "अण्णा, तो जॉन सीना, तो रॉक, सगळे पिक्चरमध्ये गेले. मला पण घ्या ना शूटिंगला. काय लागतं?" पोरगा चांगला आहे, 22 वर्षांचा, 86 किलोचा, गेल्या चंपाषष्ठीला दोन कुस्त्या मारून आलेला. तेव्हा जोर मारून दम लागला होता म्हणून त्याला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता लिहून काढतो. त्याच्यासारखे अजूनही असतील.

ते का जातात, हे आधी समजून घे

तू ज्यांची नावं घेतोस त्यांची कुस्ती आणि आपली कुस्ती वेगळी. तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या रिंगमध्ये कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. म्हणून ते खोटं असं म्हणू नकोस. लाकडी फळ्यांवर पातळ फोम, त्यावर कॅनव्हास, खाली लोखंडी तुळया, असं ते रिंग असतं. त्यावर रोज पाठीवर पडून बघ, मग सांग. पण ठरलेला निकाल हजारो लोकांपुढे खरा वाटायला लावणं हे त्यांचं काम. मार खाल्ल्याचं दाखवण्याला त्यांच्यात 'सेलिंग' म्हणतात. म्हणजे मार विकायचा! माईक हातात घेऊन दुसऱ्याला आव्हान द्यायचं, लोकांना चिडवायचं, रडवायचं, हा त्यांच्या धंद्याचा अर्धा भाग. त्यामुळे रिंग सोडून पिक्चरमध्ये जाताना ते नवीन काही धरत नाहीत, जे दहा वर्षं केलं तेच जरा हळू आवाजात करतात.

रॉकचं बघ. ड्वेन जॉन्सन. बाप पैलवान, आईचा बाप पैलवान. 1996 मध्ये त्याला गोड हसणारा चांगला मुलगा म्हणून रिंगमध्ये आणला. लोकांना तो असा नकोसा झाला की पुढच्याच वर्षी अख्खं स्टेडियम 'मर, रॉकी, मर' असं ओरडायला लागलं. त्याने तोच राग उचलला, उर्मट झाला, भुवई वर करून बोलायला लागला आणि त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. समोरच्या माणसाला काय हवंय हे त्याला तिथे कळलं. 2001 मध्ये 'द ममी रिटर्न्स'मध्ये छोटं काम, 2002 मध्ये त्याच पात्रावर अख्खा सिनेमा. लोक म्हणतात नशीब. मी म्हणतो, रोज वीस हजार परीक्षकांपुढे ऑडिशन दिलेला माणूस होता तो.

दुसरं कारण अंग. त्यांना मोसम नसतो, बारा महिने शो. कंपनीच्या कागदावर ते नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार. एज, म्हणजे ॲडम कोपलँड, 2011 मध्ये मानेच्या दुखण्यामुळे रिंगमधून बाहेर पडला आणि मालिकांमध्ये गेला. नऊ वर्षांनी, 2020 मध्ये परत रिंगमध्ये आला. मधल्या काळात अभिनयाने चूल चालवली. मान मोडलेल्या पैलवानाला दुसरं काय जमतं सांग? मी गुडघा मोडलेला आहे, मला विचार.

तिसरं कारण, मालक. हल्क होगन 1982 च्या 'रॉकी 3'मध्ये दिसला. त्याच्या मालकाला ते पसंत नव्हतं. होगन गेला आणि नोकरीवर पाणी सोडावं लागलं. दोन वर्षांत तोच माणूस त्याच कंपनीचा सगळ्यात मोठा चेहरा झाला. मालकाचा पोरगा गादीवर आला होता आणि पडद्यावर दिसलेल्या पैलवानाला काय भाव येतो ते त्याला कळलं होतं. पुढे कंपनीनेच स्वतःचं सिनेमाचं दुकान काढलं. 2006 मध्ये जॉन सीनाला हिरो केला तो घरच्याच सिनेमात.

सगळ्यांचं सोनं होत नाही, हेही ऐक. डेव्ह बटिस्टाने 2010 मध्ये रिंग सोडली. त्यानंतर तो जवळजवळ कफल्लक झाला होता, हे तो स्वतःच सांगतो. 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' आला 2014 मध्ये. मधली चार वर्षं! सहा वेळा जगज्जेतेपद मिरवलेला माणूस, पण आपल्याला अभिनय येत नाही हे कबूल करून शिकवणी लावली. मला ह्या सगळ्यांत तोच आवडतो. तो पडद्यावर गप्प उभा राहिला तरी बघावंसं वाटतं.

आपल्या मातीतल्या पैलवानाशी लढलेल्या माणसाचंही एक उदाहरण देतो, हे तालमीत कुणी सांगत नाही. गामा पैलवानाची 1910 मधली लंडनची कुस्ती तुला माहीत आहे. समोर पोलंडचा झ्बिस्को. अडीच तासांच्या वर चाललेल्या कुस्तीत तो बहुतेक वेळ पोटावर पडून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली, पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. 1928 मध्ये पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत पाडलं. हाच झ्बिस्को सत्तरीत हॉलिवूडच्या सिनेमात दिसला, 1950 साली, 'नाईट अँड द सिटी'मध्ये. काम कसलं, तर एका म्हाताऱ्या, इमानी पैलवानाचं. मी ते बघितलंय. त्यात एक लांब कुस्ती आहे. ती संपल्यावर त्या म्हाताऱ्याचा चेहरा जवळून दाखवलाय. गामाच्या हातून मार खाल्लेलं तोंड आहे ते, मेकअपने येत नाही.

आणि दारासिंग. त्यांच्याबद्दल आमच्या पंचवटीत वेगळंच प्रेम. 1954 मध्ये रुस्तुम-ए-हिंद, 1968 मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, मधल्या काळात सिनेमे चालूच. रिंग सोडली 1983 मध्ये. आणि 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा हनुमानाचं काम करणारा माणूस 58 वर्षांचा होता. मी दहा वर्षांचा होतो. काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत एकच रंगीत टीव्ही. रविवारी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची आणि हनुमान आला की आमचे वस्ताद भिंतीला टेकलेले असले तरी सरळ बसायचे. तालमीत मारुतीपुढे रोज नारळ फोडणारा माणूस, त्याला पैलवानच मारुती झालेला दिसत होता. मी तालमीत गेलो त्यात ह्या रविवारांचा वाटा मोठा आहे.

वस्तादांना आधी सांग, फेसबुकवर मग टाक

मी उलटं केलं आणि त्याचं फळ भोगलं. माझा गुडघा गेला 2008 च्या जत्रेत. एकचाक डाव घालताना पाय मातीत रुतला, अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मातीला हात जोडायला सांगितलं. घरात बसून होतो, कुणीतरी शूटिंगला नेलं, मी गेलो. वस्तादांना कळलं ते मालिका लागल्यावर. त्यांनी निरोप धाडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी पायावर डोकं ठेवायला गेलो तर एवढंच म्हणाले, "ज्या पोराची पाठ मी अठरा वर्षं मातीला लागू दिली नाही, तो पैसे घेऊन पाठ लावतो होय?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू आधी जा. नारळ, हार घेऊन जा, समोर बसून सांग. कुस्ती सोडतोय असं म्हणू नकोस, कारण सोडायची गरजही नाही. अजून मोसम खेळू शकतोस तोवर खेळ. कॅमेऱ्याला मल्ल लागतो तो मातीत लोळलेलाच; सहा महिने जिममध्ये फुगवलेली पोरं अंधेरीत पैशाला पासरी मिळतात.

आणि हेही मनातून काढून टाक, की पैलवानाची भूमिका पैलवानालाच मिळते. 'तुझ्यात जीव रंगला'मधला राणादा आठव. सगळ्या महाराष्ट्राला पैलवान म्हणून आवडला, काम केलं हार्दिक जोशीने, आणि तो नट. पैलवानाला मिळतं ते राणादाच्या समोरच्याचं काम. म्हणून पडायला शिक.

पडायचं कसं

इथे जरा सावकाश वाच.

आपण पडताना काय करतो? खांदे वाचवतो. हवेत असतानाच अंग पोटाकडे वळतं, नाहीतर मानेवर पूल बांधतो, कारण दोन्ही खांदे टेकले की चितपट. कॅमेऱ्याला नेमके ते टेकलेले खांदे हवे असतात. हिरोने उचलून आपटला आणि तू मांजरासारखा पोटावर आलास, तर सीन तुझा झाला, हिरोचा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी तुला बोलावणार नाहीत.

तालमीत हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खोदून माती मऊ केलेली असते तेव्हा सराव कर. पहिल्यांदा उकिडवा बस. हनुवटी छातीला लाव आणि लावलेलीच ठेव, हे विसरलास तर डोक्याची मागची बाजू आपटेल. आता मागे लोळ. पाठ गोल ठेव, आधी बूड, मग कंबर, मग खांदे. खांदे टेकतात त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून थोडे लांब, जमिनीवर जोरात आपट. कोपर आधी टेकवू नकोस, मोडेल. आणि तोंडाने 'हः' करून दम सोड. आपण कुस्तीत दम धरतो. इथे धरलास तर फटका आत बसतो. उकिडव्याने शंभर वेळा झालं की अर्धा उभा, मग पूर्ण उभा, मग साथीदाराच्या खांद्यावरून. मला हे अंगात मुरायला चार महिने लागले.

हातांच्या त्या आवाजाने दोन कामं होतात. फटका पसरतो आणि लोकांना मार मोठा वाटतो.

सेटवर मात्र माती नसते. फरशी असते, शहाबादी असते, एकदा तर द्राक्षाच्या बागेत तारेच्या खांबांमध्ये पाडायचं ठरलं होतं. गादी माग. लाजू नकोस. "पैलवान आहे, काही होत नाही" असं तू म्हणालास की ती गादी पुढच्या माणसालाही मिळत नाही. पडण्याची जागा आधी स्वतः पायाने दाबून बघ, खडे वेच, आणि हिरोबरोबर दोनदा सावकाश चाल कर. हिरोने तुला उचलायचं नसतं, तू उडायचं असतं. त्याने हात ओढला की तूच पायांनी जमीन ढकल. 64 किलोचा माणूस 103 किलोचा उचलत नाही, 103 किलोचा माणूस त्याला उचलू देतो. सहाव्या टेकला मी तेच केलं.

चेहरा

कुस्तीत आपण समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. छातीकडे, कमरेकडे, पायाकडे बघतो, कारण डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. ही सवय घेऊन कॅमेऱ्यासमोर गेलास तर सगळ्या क्लोजमध्ये तुझ्या पापण्या दिसतील. मला पहिल्या वर्षभर एकच सूचना मिळायची: "पैलवान, नजर वर!"

दुसरी सवय म्हणजे दुखलं तर दाखवायचं नाही. वस्तादांनी काठी घालून शिकवलेलं. बरगडीत कळ आली तरी चेहरा दगड, कारण समोरच्याला कळलं की तो तिथेच दाबणार. आता तेच उलटं करायचं. नाटकी विव्हळू नकोस, एक वेळ ठरव. फटका बसला, अर्धा सेकंद काही नाही, मग कळ पोहोचते, मग तोंड. अंगठा दारात सापडतो तेव्हा आधी काही वाटत नाही आणि मग आईचं नाव निघतं ना, तेवढंच.

नुसता एक चेहरा काय करतो ते सांगतो. जानेवारी 2020 ला बालेवाडीत नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा मारली. आम्ही तालमीत मोबाइलवर बघत होतो, गल्लीत फटाके वाजले. आज कुणाला विचार किती गुणांनी जिंकला, दहातल्या दोघांना सांगता येईल. पण हरलेल्या शैलेश शेळकेला त्याने खांद्यावर घेतलं, तो फोटो सगळ्यांना आठवतो. ते त्याने कॅमेऱ्यासाठी केलेलं नव्हतं, म्हणूनच कॅमेऱ्यात तसं आलं.

आवाज

पैलवानाचा आवाज दोनच ठिकाणी वापरलेला असतो, हाका मारायला आणि हुंकार द्यायला. सेटवर कॉलरला बोटाएवढा माईक असतो, त्याला कुजबुज पुरते. मी पहिला संवाद एवढ्या जोरात म्हटला की साऊंडवाल्याने हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. संवाद चार शब्दांचा होता: "मालक बोलावतात, चल गुमान."

सरावाला पुस्तक शोधू नकोस. मारुतीस्तोत्र तुला पाठ आहे. आपण ते बैठका मारताना घाईघाईत म्हणतो. आता तेच रोज तीन वेळा म्हण: एकदा झोपलेल्या पोराशेजारी म्हटल्यासारखं, एकदा कर्ज मागायला आल्यासारखं, एकदा कुणाला दम देताना. शब्द तेच. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, ती आठवड्यात जाते.

आणि नाशिकची बोली टाकू नकोस. 'काय रे भो' म्हणणारा खरा माणूस त्यांना हवा असतो. पुणेरी शुद्ध बोलणारे त्यांच्याकडे रांगेत उभे आहेत.

कान, पोट, माती

मोडलेले कान झाकू नकोस. मार लागून कानाच्या मऊ हाडावर, कातडीखाली रक्त साचतं, ते वेळेवर काढलं नाही की कडक होऊन कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होतो. लग्नाच्या बाजारात त्याचे मार्क कापले जातात, ऑडिशनमध्ये वाढतात. फोटो काढताना दोन्ही बाजूंनी काढ. माझ्या निम्म्या भूमिका डाव्या कानाने मिळवून दिल्यात.

पोटाचं उलटं. खुराक तोच आणि मेहनत निम्मी, असं झालं की दोन वर्षांत पैलवानाचा हलवाई होतो. मी झालोय. तूप कमी कर, एवढंच सांगतो.

मातीचं एक काम कुणी सांगत नाही. कुस्तीचा सीन आधी लांबून घेतात, मग जवळून, कधी दुसऱ्या दिवशी. लांबच्या शॉटमध्ये तुझ्या डाव्या खांद्यावर माती होती आणि जवळच्या शॉटमध्ये उजव्यावर, तर सगळं फुकट. दर कट झाला की कुणाकडून तरी मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून घे, पुढून आणि मागून. एकदा माझ्या पाठीवरच्या बोटांच्या वळांवरून अख्खं युनिट पाऊण तास थांबलं होतं. फोटो निघाला माझ्याच मोबाइलमध्ये. तेव्हापासून दिग्दर्शकांनी मला नावाने हाक मारायला सुरुवात केली.

पैसे, आणि द्वारकेजवळचा माणूस

जो काम द्यायच्या आधी पैसे मागतो तो काम देत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून तालमीत लाव. मी शिकलो ते 15,000 रुपये देऊन. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका लॉजच्या खोलीत माणूस बसला होता, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर नटांबरोबरचे फोटो. म्हणाला, कार्ड काढावं लागतं, पोर्टफोलिओ करावा लागतो, मग थेट मोठ्या सिनेमात पैलवानांच्या फौजेत. मी आणि तालमीतले दोघे, तिघांनी दिले. फौज काही निघाली नाही. पंधरवड्याने त्या खोलीत सुरतेचे कापडवाले उतरले होते.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. फोटो तू घरी काढ, पांढऱ्या भिंतीपुढे, सकाळच्या उजेडात: चेहरा, दोन्ही बाजू, पूर्ण उंची. एक लंगोटातला हौद्यावरचा असू दे, पण एकच. पाठवताना वजन, उंची, वय खरं लिही. फोटो लंगोटातला आहे, 86 चा 95 सांगितलास तर कळतंच.

मुंबईत ऑडिशन असेल तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिक रोडहून निघ, दादरला उतर, लोकलने अंधेरी. वर्सोव्याच्या आराम नगरात एका दिवसात चार दारं होतात. मुक्कामाचा खर्च करू नकोस, संध्याकाळच्या पंचवटीने घरी ये. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत हजर राहिलास तर वस्तादांनाही बोलायला जागा राहत नाही.

काम मिळालं की पैसे लगेच मिळतील असं धरू नकोस. या धंद्यात नव्वद दिवसांची रीत आहे. माझे पहिल्या दिवसाचे 1,200 रुपये 94व्या दिवशी आले, तेही टीडीएस कापून. पॅन कार्ड जोड, कापलेल्या रकमेची नोंद ठेव, वर्षाला विवरणपत्र भर. आणि एक वही कर: तारीख, ठिकाण, कुणी बोलावलं, किती ठरलं, किती वाजता सोडलं. माझी अशी तिसरी वही चालू आहे. तीन वेळा तिने माझे पैसे वसूल केलेत. चौथ्यांदा नाही केले. ते गेले.

दुसरं दार

पडद्यावर दिसण्यापेक्षा पडद्यामागे मला जास्त दिवस काम मिळालं, हे खरं सांगतो. नटाला पैलवान करायला माणूस लागतो. 'दंगल'साठी आमिर खानला कुस्ती शिकवली ती कृपाशंकर बिश्नोई यांनी, स्वतः अर्जुन पुरस्कारविजेते मल्ल. नटाला सगळे डाव लागत नाहीत. सलामी कशी देतात, शड्डू कुठे ठोकतात, माती कपाळाला कशी लावतात, लंगोटाची गाठ कुठे येते, आणि तीन-चार डाव, ते दिसायला मोठे असावेत: ढाक, धोबीपछाड, कलाजंग. घिस्सा शिकवू नकोस. आपल्याला तो भारी वाटतो, कॅमेऱ्याला दोन माणसं एकमेकांवर झोपलेली दिसतात.

शड्डू ठोकायला मी एका नटाला दोन दिवस शिकवलं. तो टाळी वाजवल्यासारखा मांडीवर मारायचा. शेवटी त्याला सांगितलं, तळहाताची वाटी कर, आत हवा राहू दे, आणि मांडी किंचित बाहेर फिरव. तिसऱ्या वेळी आवाज वाड्यातून फिरून परत आला, स्पॉटदादाच्या हातातला ट्रे हलला, आणि तो नट स्वतःच्या मांडीकडे लहान पोरासारखा बघत राहिला.

शिकवायचे पैसे जास्त असतात, गुडघा लागत नाही आणि दाढी पांढरी झाली तरी चालते.

तुझ्या व्हिडिओबद्दल

परवा तुझा सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनला पाठवायचा व्हिडिओ, आपण तालमीच्या मागच्या हौद्यावर काढला, त्यातलं पहिलं बोलणं ठीक आहे, नजर दोनदा खाली गेली. पडण्याचं मात्र परत काढू. तू मोबाइलच्या मागे नव्हतास म्हणून तुला माहीत नाही, ते सांगतो. साथीदाराने तुला ढाकेवर घेतला आणि तू पाठीवर पडलास तेव्हा वस्ताद दारात काठी टेकून उभे होते. मला वाटलं, आता दोघांचं काही खरं नाही. तू उठून माती झटकत पलीकडे गेलास. ते बराच वेळ त्या मातीत उमटलेल्या तुझ्या पाठीकडे बघत होते, दोन्ही खांदे स्वच्छ उमटले होते. मग मला म्हणाले, "मान सैल सोडतोय. आत घ्यायला सांग."

मी "हो वस्ताद" म्हणालो. ते वळले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"आणि ह्याचे पैसे किती दिवसांनी देतात म्हणालास?"